रिकाम्या मागाचा आवाज

१९१८ साली मानमोडीच्या तापानं वडगावातली विणकरांची गल्ली ओस पाडली. जयाबाईच्या घरातून दोन तिरड्या निघाल्या, पण तिला त्या दिसल्याच नाहीत. ती स्वतः आतल्या खोलीत तापानं बेशुद्ध पडली होती. डोळे उघडले तेव्हा उशाशी नणंद बसलेली, आणि घर नको इतकं गप्प.

"हे कुठं हाईत? आन् माझी गुणा?"

नागुबाई भावाच्या घरचं दुखणं कळताच अनगोळहून चालत आली होती. तिनं भावजयीच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली. "देवीनं बोलावून घेतलं गं दोघांस्नी. तिचं नाव घेतच गेली. तरास न्हाय झाला."

जयाबाईला ते पटलं नाही. आठ वर्षांची गुणा ठेच लागली तरी 'आये' म्हणून ओरडायची. ती पोर देवीचं नाव घेत जाईल?

उभं राहण्याइतकं बळ आलं आणि तो आवाज सुरू झाला. दुपारी ती भिंतीला टेकली, की माजघरातल्या मागाचा, वीण ठोकून घट्ट करणारा हात्या आपटायचा. खट्. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा खट्. रवळूचा हात असा नव्हता. नवरा विणायला बसला की गल्लीच्या टोकापर्यंत एकसारखा ताल जायचा. हे म्हणजे कुणीतरी चाचपडत मारल्यासारखं. ती उठून बघायची. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून कुणीच बसलेलं नसायचं. रवळूनं अर्धी विणलेली साडी तशीच ताणलेली, जांभळ्या काठावर धूळ.

"त्याचा जीव साडीत अडकलाय," शेजारणी म्हणाल्या. "कापून पाण्यात सोड." जयाबाईनं कुणाला मागाला हात लावू दिला नाही. नागुबाई दर मंगळवारी यल्लम्माचा भंडारा घेऊन यायची. जयाबाई कपाळ मागं घ्यायची. "जिनं न्हेलं, तिच्याच म्होरं कपाळ करू व्हय?"

अशाच एका मंगळवारी नागुबाई समोर बसलेली असताना तो आवाज आला.

"आक्का, ऐकलंसा?"

"काय गं?"

"हात्या. लंगडल्यागत. एक ठोका पडतोय, मग थांबतोय."

नागुबाईच्या हातातला भंडारा सांडला. 

"त्यो मी मारला हुता, जया."

नागुबाई सांडलेला भंडारा गोळा करत बोलू लागली.

"रवळूला सकाळी न्हेलं. पोर शुद्धीवर हुती. म्हणाली, आत्ती, माग का वाजंना? आप्पा कुठं गेलं? काय सांगू तिला? म्हटलं, दोरा तुटलाय, जोडाय लागल्यात. तरी डोळं मिटंना. मग मागावर जाऊन बसले. मला कुठं इणाय येतंय? नुसता हात्या वढला न् सोडला. तिला बरं वाटलं. ऐकत ऐकतच गेली. देवीचं नाव न्हाय घेतलं तिनं. मरत्या पोराला मी फशिवलं गं. तवापासनं देवीम्होरं मान वर हुईना माझी."

जयाबाई उठून मागापाशी गेली. मग हळूच म्हणाली, "म्हंजे मी बी ते ऐकलंय. तापात." पोर गेली तेव्हा आपण कुठं होतो, हा प्रश्न तिला खात होता. एका भिंतीच्या अल्याड-पल्याड मायलेकी एकच आवाज ऐकत होत्या. साथीनंतर पहिल्यांदा ती रडली. डोळे पुसून म्हणाली, "पुन्हा सांगा आक्का." नागुबाईनं पुन्हा सगळं सांगितलं.

काही दिवसांनी जयाबाईनं स्वतः खड्ड्यात पाय सोडले. बाईमाणूस मागावर बसली म्हणून गल्ली कुजबुजली, पण शेजारच्या सिद्रामअण्णानं पायाखालच्या पावड्या कशा दाबायच्या ते दाखवलं. साडी पुरी झाली. पोट भरायचं होतं, म्हणून विकली. पुढं कितीतरी वर्षं कॅम्पाच्या बाजारात जांभळ्या काठाची साडी नेसलेली बाई दिसली, की जयाबाई थोडं अंतर तिच्या मागं मागं जायची.

आवाज गेला नाही. ती विणत असली की त्याच्यात मिसळायचा. दोरा जोडायला थांबली की वेगळा व्हायचा. तिनं उठून बघायचं मात्र सोडलं. नागुबाईचे मंगळवार चालूच राहिले. "भंडारा नगं मला," जयाबाई म्हणायची, "पर तुम्ही येत जावा."

म्हातारपणी नागुबाईची नजर गेली. तिला सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या दर्शनाला जायची आस लागली, तेव्हा जयाबाईच तिला बैलगाडीनं घेऊन गेली. दर्शन झालं. बाहेर आल्यावर नागुबाईनं विचारलं, "काय मागितलंस?"

"काय न्हाय."

"मग एवढ्या लांब कशाला आलीस गं?"

"तुमास्नी पायऱ्या दिसत न्हाईत."

खाली गर्दीत आठेक वर्षांची एक पोर पाठमोरी उभी होती. जयाबाई थबकली. पोरीनं मान वळवली. दुसऱ्या कुणाची तरी होती.

"का थांबलीस?"

"हितं पायरी मोडलीया," जयाबाई म्हणाली आणि नणंदेचा हात धरून उतरू लागली.