जिजींची करपलेली भाजी

आमच्या सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि धाड गावातल्या प्रत्येक मुसलमानाच्या लग्नात त्यांना मानाचं बोलावणं असे. सारं गाव त्यांना जिजी म्हणे. लग्नघराच्या एका अंगाला मटणाची देग चढायची, दुसऱ्या अंगाला हिंदू पाहुण्यांसाठी जिजींची चूल पेटायची. जिजी रांधणार म्हटल्यावरच आमची माणसं पंगतीला बसत.

दुसऱ्याच्या नेमाची त्यांना स्वतःच्या नेमाइतकीच काळजी. जैन शेजारणीला दिवस बुडायच्या आत वाढायच्या, तेही कांदा-बटाटा वगळून. रमजानात भरदुपारी मला फोडणी टाकू देत नसत. भिंतीपलीकडे उपाशी जीव आहेत म्हणायच्या. कोणी हसलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं, "ज्याचं ताट, त्याचा नेम. आपुन फक्त वाढावं."

करीमभाईंच्या लेकीच्या लग्नात मी नवी सून जिजींच्या हाताखाली होते. वांग्याची भाजी अशी उतरली होती की वासानंच पंगत लवकर बसली. तेवढ्यात करीमभाईंच्या पुतण्यानं घाईघाईत देगेतली पळी आमच्या भाजीत बुडवली. पाहिलं ते फक्त आम्ही दोघींनी. खरं सांगावं तर पंगत उठणार, मुलीच्या बापाची अब्रू जाणार. कोणाला कळतंय, मी पुटपुटले.

"त्याहिले नाही कळत. मले तं कळते ना," जिजी म्हणाल्या.

त्यांनी पातेलं गुपचूप देगेच्या पंगतीकडे पाठवलं, पदर खोचून बेसन कालवलं आणि पाहुण्यांना सांगितलं, "भाजी करपली माह्या हातून. आज पिठल्यावर भागवा."

पंचक्रोशीत नावाजलेल्या सुगरणीची पुढे जन्मभर थट्टा झाली. लग्न कोणाचंही असो, जिजी, आज करपवू नका, हे कोणीतरी म्हणायचंच. त्या खुशाल हसायच्या. माझा जीव तुटायचा, पण त्यांनी मला शपथ घातली होती.

त्यांच्या तेरवीला मी वाढत होते. भाजी पाहून एका म्हाताऱ्या पाटलांनी सवयीनं विचारलं, करपली तर नाही ना? दाराशी बसलेले करीमभाई उठले.

"ते भाजी करपली नव्हती, पाटील. म्या खाल्ली होती, चवीवरूनच समजलं मले. आमची पळी पडली होती तिच्यात. तुमचा नेम मोडू नये अन् माह्या लेकीच्या लग्नातून कोणी उठू नये, म्हणून जिजीनं बदनामी आपल्या अंगावर घेतली."

मला वाटलं, आता कोणीतरी पानावरून उठणार. पाटलांनी डोळे पुसले, थोडं सरकून शेजारी जागा केली.

"करीमभाई, इथं बसा. सूनबाई, याहिचं पान वाढा."