पाणवठ्यांची फाइल

हे गेल्यानंतर चौथ्या महिन्यात मी त्यांचा कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू केला. तोवर त्यावर घातलेला कापडी अभ्रा काढायचा धीर झाला नव्हता.

हे पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरवाड्यांवर प्राथमिक शिक्षक होते. बदली होईल तिथं आधी पाणवठा पाहायचा, ही त्यांची सवय. कुठला झरा मे महिन्यापर्यंत टिकतो, कुठली विहीर होळीलाच तळाला जाते, तिथं जायची वाट कुठून, आणि कुणी दाखवलं, हे सगळं ते वहीत लिहीत. अशा सतरा वह्या झाल्या. आम्ही महाडला तळमजल्यावर राहायचो. एका वर्षी सावित्रीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा आम्ही धान्य आणि गाद्या वर नेल्या. वह्या खाली राहिल्या. चिखलातून काढलेली पानं यांनी दोरीवर वाळवली, आणि निवृत्तीनंतर लागेल तेवढं अक्षर लावून दोन वर्षं कॉम्प्युटरवर टाइप करत बसले. हात लावताच पानांचा भुगा व्हायचा. टाइप करून झालेलं पान ते परसातल्या पेरूच्या आळ्यात टाकून यायचे. "पूर्ण झालं की सीडी काढू," म्हणायचे. ते पूर्ण व्हायच्या आधीच आजारपण आलं. म्हणजे त्या सतरा वह्यांचं जे काही उरलं होतं, ते या एका पेटीत होतं.

मी चाळीस वर्षं गावच्या वाचनालयात काम केलं. फाइल उघडून निदान पहिलं पान वाचावं, एवढीच माझी इच्छा होती. पण कॉम्प्युटर सुरू झाला, तशी मधोमध एक खिडकी उघडली. लाल ढाल, खाली इंग्रजीत मोठ्या अक्षरात 'धोका', आणि त्याखाली सरसर वर सरकणारी यादी. तुमच्या अमुक फायलींना लागण झाली आहे. खिडकी बंद केली की टूं टूं वाजून पुन्हा उघडायची. त्या शेवटच्या वर्षात मी तपासण्यांचे रिपोर्ट वाचायला शिकले होते. इंग्रजी नावं, पुढे आकडे, आणि ज्याला लाल खूण ते वाईट. ही यादी मला तशीच दिसली. मी छापील अक्षरावर विश्वास ठेवणारी बाई. खरं मानलं.

मुंबईला मुलीला फोन लावला.

"आई, पैसे मागतंय का ते? कार्डाचा नंबर टाकू नकोस हं."

"माझ्याकडे कार्ड आहे कुठे?"

"बरं. कंट्रोल पॅनेलमध्ये जा. तिथं प्रोग्रामांची यादी दिसेल. त्यातलं जे ओळखीचं नाही ते काढून टाक. मी मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी बोलते."

यादी सापडली. बरीच नावं यांच्या तोंडून ऐकलेली होती. दोन अनोळखी निघाली. एकाच्या नावातच 'अँटिव्हायरस' होतं; हा राखण करणारा दिसतोय म्हणून त्याला राहू दिलं. दुसरं नुसतं चार अक्षरांचं होतं, काही अर्थ न लागणारं. ते मी काढून टाकलं. खरंच काढायचं का, असं यंत्रानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हो म्हटलं.

मग फाइल उघडली. पानभर इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस. एकाही शब्दाला अर्थ नाही. पुढची पानं पाहिली, तीही तशीच. लाल ढाल वाजतच होती. मला वाटलं, उशीर झाला. रोग तिथवर पोचला.

ज्या दुकानातून कॉम्प्युटर घेतला होता, तिथं फोन केला. "फॉरमॅट मारायला लागेल, काकू," दुकानदार म्हणाला. "नव्यासारखा होईल. उद्या सकाळी पेटी न्यायला येतो."

"आतलं सगळं?"

"ते जाणारच. तसंही तुम्ही म्हणताय, खराब झालंय."

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मला टायपिंगच्या बाईंची आठवण झाली. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचा क्लास होता. एका भिंतीला टाइपरायटर, दुसऱ्या भिंतीला चार कॉम्प्युटर. निवृत्तीनंतर हे त्यांच्याकडे मराठी टायपिंग शिकले होते, मुलींच्या रांगेत बसून. एखादी प्रत त्यांच्याकडे ठेवली असेल, एवढीच आशा होती.

"नाय हो, वहिनी," बाई म्हणाल्या. त्या आंबेनळी घाटाच्या खालच्या एका वाडीतल्या. महाडात पंचवीस वर्षं राहूनही बोलणं तिकडचंच होतं. "सर माझ्याकडे फक्त चुका ठेवून गेले. पानाला वीस. तोंड का असं उतरलंय?"

मी सांगितलं. ढालीचं ऐकताच त्यांनी हात वर केला.

"आणि सारखी टूं टूं? अगो बाय! हा पाहुणा माझ्या क्लासात दोनदा येऊन गेलेला हाय. चला."

मुलींना सराव चालू ठेवायला सांगून त्या निघाल्या. पर्समध्ये एक सीडी आणि पेनड्राइव्ह होता. दुपारचे तीन वाजले असतील.

घरी येताच त्यांनी आधी इंटरनेटची वायर उपटली. "ह्याला पयलं उपाशी ठेवायचा." मग कॉम्प्युटर बंद करून सुरू केला आणि सुरू होताना एक बटण टकटक दाबत राहिल्या. पडदा काळा झाला, चार कोपऱ्यांत काही लिहिलेलं, चित्रं मोठी आणि बेढब. ढाल आली नाही. "अशा वेळी यंत्र फक्त गरजेपुरतं जागं असतं. पाहुणा झोपलेला." मला वाटलं झालं, तर त्यांनी पेनड्राइव्ह लावला.

"पूर आला की पयलं काय वर नेता, वहिनी?"

"धान्य," मी म्हटलं.

"माणसं हो! सरांची फाइल कुठली?"

मी म्हटलं, ती गेली आहे, उगाच कशाला. त्यांनी ऐकलं नाही. प्रत काढली आणि मग फाइल उघडली. तीच निरर्थक अक्षरं. बाई पडद्याजवळ सरकल्या. चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला. मग दोन्ही हातांची बोटं टेबलाच्या कडेवर ठेवली, टाइपरायटरवर ठेवतात तशी, आणि पडद्याकडे बघत ती हलवू लागल्या.

"आय, के, टिंब, के, एच." बोटं पुन्हा तशीच हलली. "वहिनी, 'पाणी' लिवलंय हे."

मला कळलं नाही.

"ह्या बटणांवर सर मराठी मारत होते. आय दाबला की प, के दाबला की काना. मराठी दाखवणारा फॉन्ट गेलाय म्हणून नुसती बटणं दिसतायत. माझ्या बोटांना ठाऊक हाय ना. थांबा."

आणि त्या वाचू लागल्या. अडखळत, एकेका अक्षरापाशी थांबत, बोटांनी आधी चाचपून. "पाणी... वाडीपासून... पाऊण तासावर. वाटेत करवंदीची जाळी. झरा खडकाच्या पोटात... हात घालून ओंजळ भरावी लागते. दाखवायला आलेल्या म्हातारीनं आधी मला पिऊ दिलं, मग विचारलं, कुठचा रे तू?"

यांचं वाक्य होतं ते. यांचंच. चार महिन्यांत त्यांचं नवं असं काही माझ्या कानावर पडलं नव्हतं. मी पदर तोंडाला लावला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुढची ओळ वाचत राहिल्या. त्यांनी तेव्हा पाहिलं नाही, याचेही माझ्यावर उपकार आहेत.

नंतर त्यांनी विचारलं, "फाइल ठणठणीत हाय. मराठीचं सॉफ्टवेअर काढलं कोणी?"

"मी."

"आणि ह्या चोराला ठेवलात?"

"त्याच्या नावात राखण करणारा असं होतं."

बाई हसू लागल्या. चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. "चाळीस वर्षं लोकांना पुस्तकं दिलीत, आणि शेवटी कव्हर बघून भुललात!"

मीही हसले. घरात हसण्याचा आवाज किती दिवसांनी झाला, ते मला हसून झाल्यावर जाणवलं.

त्यानंतरचं काम शांतपणे झालं. सुरू होताना आपोआप जागे होणारे प्रोग्राम एका यादीत असतात. त्यातली पाहुण्याची खूण त्यांनी काढली. तो ज्या फोल्डरमध्ये दडला होता, तो पुसून टाकला. मग सीडीवरचा खरा अँटिव्हायरस चालवला. त्याला तास-सव्वा तास लागला. तेवढ्यात मी चहा आणि पोहे केले. खऱ्यानं एकदाही आरडाओरडा केला नाही. काय सापडलं, काय काढलं, एवढं सांगून थांबला. शेवटी बाईंनी मराठीचं सॉफ्टवेअर परत घातलं, कॉम्प्युटर नेहमीसारखा सुरू केला. ढाल आली नाही. दुकानदाराला मी कळवलं की उद्या येऊ नका.

मी आभार मानू लागले. "ते राहू दे," त्या म्हणाल्या. "माझ्या वाडीचं काय लिवलंय सरांनी, तेवढं वाचा."

आता अक्षरं मराठी होती. मी शोधलं. दहा-बारा ओळी होत्या. वाडीच्या वरच्या अंगाला उंबर, उंबराच्या मुळाशी कुंड, पाणी वैशाखातही गुडघाभर. बाई मान डोलावत ऐकत होत्या आणि एकदम म्हणाल्या, "नाय. चूक हाय हे."

"चूक?"

"सर आले तेव्हा असंल. वरून रस्ता काढला तेव्हा कुंड बुजला. उंबर हाय अजून. बायका आता खालच्या ओढ्याला डबकी खणून पाणी भरतात." मग म्हणाल्या, "सरांना सांगायचं राहूनच गेलं."

त्या ओळी पुसाव्यात असं आम्हा दोघींनाही वाटलं नाही. बाईंनी मला खुर्चीत बसवलं, माझी बोटं बटणांवर ठेवली, आणि यांच्या ओळींखाली एक जागा सोडून मजकूर सांगू लागल्या. मला एकेक अक्षर शोधावं लागत होतं. बाहेर क्लासच्या मुली बाईंना शोधत आल्या, तरी त्या उठल्या नाहीत. अर्ध्या तासात दोन ओळी झाल्या. कुंड बुजलं, उंबर आहे, पाणी खालच्या ओढ्याला. शेवटी, हे नेहमी लिहायचे तसं, कुणी सांगितलं तेही मी लिहिलं.