आईच्या नावातलं उर्फ

अकरा मार्च, मंगळवार, दुपारची वेळ. रक्कम पाचशे रुपये, पावती नाही. हजर : मी, वडील, येलदरीकडून एस.टी.ने आलेली मावशी आणि आमच्या गावच्या नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवणारे बाबू.

बाबूंनी ते पैसे मागितले नव्हते. हे आधीच लिहून ठेवतो, कारण नगरपालिका म्हटलं की वाचणारा भलतंच धरून चालेल.

आई डिसेंबरात घरीच वारली. मी आधार कार्डाची प्रत जोडून मृत्यूची नोंद केली, रीतसर पैसे भरले, पावती घेतली. दाखला आला त्यावर तिचं माहेरचं नाव होतं. घर मात्र नगरपालिकेच्या वहीत तिच्या सासरच्या नावावर होतं. लग्नात वडिलांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं आणि जुनं तिथंच संपलं, असं आमच्या घरात सगळे धरून होते. राशन कार्ड, मतदार यादी, घरपट्टी, सगळीकडे नवंच. आता घर वडिलांच्या नावावर करायचं, तर वारलेली बाई आणि घराची मालकीण एकच होती हे आम्ही सिद्ध करायचं होतं. चाळीस वर्षं ती ज्या ओट्यावर बसून घरपट्टीवाल्याला पाणी द्यायची, त्या ओट्याचा पुरावा चालत नव्हता.

हेलपाटे झाले. एकदा बाबू कसल्याशा सर्वेक्षणाला गेलेले, एकदा शपथपत्र हवं, एकदा माहेरचा माणूस साक्षीला हवा. भिंतीवर सेवांचा फलक आहे. कोणता दाखला, किती शुल्क, हे दिसतं. किती दिवसांत मिळेल तो रकाना लोखंडी कपाटामागे गेलेला आहे. कपाट कुणी, कधी तिथं लावलं हे मी विचारलं. बाबू म्हणाले, मी आलो तेव्हापासून हाय.

माहेरचा माणूस म्हणजे आता मावशी, आईची धाकटी बहीण. ती आली त्या दिवशी बाबूंनी कागद नीट वाचला आणि म्हणाले, सोपं आहे, दाखल्यावर दोन्ही नावं टाकू, मधी उर्फ.

वडील बिथरले. "उर्फ चोराच्या नावाला लावतेत. पेपर वाचता का न्हाई?"

"काका, बायका दोन तर नव्हत्या केल्या?" बाबू म्हणाले. "तसं असलं तर आत्ताच सांगा, दोन दाखले काढू."

शेजारच्या टेबलावरचे हसले. वडील म्हणाले, एकच केली, तिचं नाव मीच ठेवलं, आधारवाल्यानं चूक केली. ही चूक ते तीन महिने सगळ्यांना सांगत होते. बाबूंनी सहज विचारलं की कागद दाखवल्याशिवाय आधारवाला दुसरं नाव कशाला टाकेल.

तेव्हा मावशी बोलली. आधारच्या शिबिराला ती आईच्या सोबत होती. आईनं पेटीतून चौथीची टी.सी. काढून नेली होती.

"राशन कार्ड घरातच व्हतं की," वडील म्हणाले.

"व्हतं. म्हणाली, ते त्यांच्यापाशीच राहू दे." मावशीनं पदर सारखा केला. "दाजी, नाव ठिवलं तुमी. मग जलमभर नावं बी तुमीच ठिवली. तिच्यापाशी तिचं येवढंच राहिलं व्हतं."

मावशी खोटं बोलली नव्हती. भाकरी जाड, भाजी आळणी, पोरांना लाडावलंस, हे मी रोज ऐकलेलं आहे. वडिलांनी ठेवलेलं ते नाव त्यांच्या तोंडून हाक म्हणून एकदाही ऐकल्याचं मला आठवत नाही. हाक असायची ती 'अगं'. नाव घरपट्टीच्या पावतीवर दिसायचं.

वडिलांनी बाबूंना विचारलं, दोन्हींपैकी पुढं कोणतं येतं. बाबू म्हणाले, खरं नाव पुढं, उर्फच्या मागं दुसरं. आधारवर जे आहे ते पुढं येणार.

वडिलांनी बंडीच्या खिशातून पाचशेची नोट काढली आणि टेबलावरच्या काचेखाली सरकवली. "मी ठिवलेलं पुढं लावा."

मी घरून ठरवून आलो होतो की कुणी वर पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, लेखी तक्रार करायची. पण मागणाराच नव्हता. देणारा माझा बाप होता. मावशी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसली. मी वडिलांना नोट उचला म्हणालो. ते म्हणाले, "तू मधी पडू नको." बाबूंनी काचेवर एक फाईल ठेवली.

नवा दाखला एप्रिलात मिळाला. माहेरचं नाव पुढं, मग उर्फ, मग वडिलांनी ठेवलेलं. बाबू म्हणाले, "आधारचंच पुढं घ्यायलीय सिस्टीम, मी काय करू?" नोटेचं नाव त्यांनी काढलं नाही, वडिलांनीही नाही. जूनमध्ये घर वडिलांच्या नावावर झालं. त्या दिवशी त्यांनी दाखला घडी घालून कपाटात तळाशी ठेवला.

या डिसेंबरात वर्षश्राद्ध. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव टाकून भांडी वाटतात. स्टीलची एकावन्न फुलपात्री माझ्या पैशानं घेतली. ती आणायला परभणीला निघताना वडिलांना सांगितलं की त्यांवर कोणतं नाव टाकणार आहे.

ते म्हणाले, "गल्लीत त्या नावानं तिला कोणी वळखत न्हाई."

"मावशी ओळखते," मी म्हणालो.

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी उंबऱ्यात थांबलो, पण ते वळले नाहीत.

दुकानदारानं विचारलं, पुढं नवऱ्याचं नाव, आडनाव टाकायचं का. मी म्हणालो, एवढंच. एका फुलपात्राला दहा रुपये. नाव टाकणाऱ्याला पाचशे दहा रुपये दिले, पावती घेतली.