चाळीस फुटांपुढचा मुक्काम-कर

बंदरावरच्या कचेरीनं एका पाहुण्या शिडाच्या बोटीला चार फुटांनी फसवलं, आणि तिच्यामागे मला.

लालबागला माझा मांडवाचं कापड शिवायचा कारखाना आहे. एका जुन्या मशिनीवर सुरू केला, आज सहा माणसं कामाला आहेत. नवरात्र आटोपलं की मांडवाचं काम थंडावतं, आणि त्याच दिवसांत समुद्रावरून जग फिरणाऱ्या बोटी मुंबईत मुक्कामाला येतात. वारा शिडं फाडतो, मी शिवतो. एवढ्या लांबरुंद कापडाला हात घालायची सवय मांडववाल्यांनाच.

यंदा एक म्हातारं परदेशी जोडपं आलं. दर हिवाळ्यात येतं. मोठं शीड मधोमध फाटलेलं, काम तीन आठवड्यांचं. पण बंदरानं पाहुण्या बोटींवर नवा मुक्काम-कर बसवला होता: चाळीस फुटांपर्यंत एक दर, त्यापुढे दुप्पट. बोटीच्या कागदावर लांबी अडतीस. कचेरीनं लिहिली बेचाळीस. पुढे बाहेर आलेला दांडा धरला दोन फूट, मागे टांगलेली रबरी होडी धरली दोन फूट.

म्हातारा म्हणाला, उद्या सकाळी निघतो, शीड कोचीला बघू. फाटक्या शिडानं कोची! भांडणं त्याच्या रक्तात नाही. माझ्या आहे.

मी चपला घालताना बायकोनं डबा पुढे केला. "आधी हा खा, मग भांडा. उपाशीपोटी तुमचा आवाज परळपर्यंत जातो."

कचेरीतला कारकून वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा. मान वर न करता म्हणाला, "काका, तुम्ही शिडं शिवा. मोजमाप आमच्यावर सोडा."

"मोजमापावरच पोट आहे माझं. गिऱ्हाईक हात पसरून उभं राहिलं, तर सदऱ्याचं माप बोटांपर्यंत घेऊ का?"

शेजारच्या टेबलावरच्या बाई फस्सकन हसल्या. कारकुनाला राग आला, पण हसूही आलं. "दांडा बोटीला जोडलेला आहे. तो मोजणारच."

"मोज. आणि होडी?"

"टांगलेली आहे ना?"

"टांगलेली म्हणजे बोटीची झाली? मग दोरीवर वाळत घातलेला म्हाताऱ्याचा लेंगाही मोज!"

"ओरडू नका हो काका. होडी खाली पाण्यात सोडा, मी येऊन परत मोजतो. मग तर झालं?"

मी लगेच गप्प बसलो. घासाघीस करणाऱ्याला एवढं कळतं, की समोरच्यानं दार उघडलं की आपलं तोंड बंद करायचं.

दुपारी तो लाँचमधून बोटीवर आला. म्हाताऱ्यानं होडी पाण्यात उतरवली. मांडवाची माझी लांब टेप एका टोकाला मी धरली, दुसऱ्या टोकाला कारकुनानं. बरोब्बर चाळीस. त्यानं दोनदा वाकून पाहिलं, मग कागदावरचे बेचाळीस खोडले. म्हातारीनं आम्हां दोघांना कॉफी दिली. तो जाताना म्हणाला, "काका, तुम्ही वकील व्हायला हवं होतं."

"वकिलाला शिवता येतं का रे?"

जोडपं तीन आठवडे राहिलं. आमच्या चाळीतल्या मंडळाच्या हॉलभर शीड अंथरून आम्ही शिवलं. माणसं चपला काढून कडेकडेनं जात, देवळात आल्यासारखी. म्हातारा भायखळ्याच्या बाजारातून टोपल्या भरून भाजी न्यायचा. म्हातारीनं गिरगावात दाताला टोपी बसवून घेतली. लाँचवाला, टॅक्सीवाला, धोबी, सगळ्यांना काम मिळालं. शीड वर चढलं, वाऱ्यानं फुगलं, माझी शिवण कुठे ओढली गेली नाही. असं काही बघितलं की मला रात्री शांत झोप लागते.

पण जायच्या दिवशी म्हातारा सहज बोलून गेला. त्यांच्या मागून आणखी दोन बोटी येत होत्या, दोन्हींची शिडं फाटलेली. बेचाळीस फुटांची गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी बोटीवरच्या रेडिओवर ऐकली आणि मुंबई टाळून परस्पर कोची गाठली. त्यांच्याकडून कचेरीला साधा दरही मिळाला नाही. भाजीवालीला, दाताच्या डॉक्टरला, मला, कुणालाच काही नाही.

कारकुनावर माझा राग नाही. त्यानं चूक खोडली. पण टांगलेली होडी मोजायचा हुकूम त्याला कुणीतरी दिला होता. त्या साहेबानं माझ्या कारखान्यात यावं, रिकाम्या मशिनींसमोर उभं राहावं आणि माझ्या सहा माणसांना सांगावं, त्या दोन बोटी कुणी घालवल्या?