फोटोपुरता मास्क

ये गो पोरी, अशी जवळ सरक. मुंबईत बसून वाचतेयस ते ठाऊक आहे मला, तरी सरक. काकीला आज तुला जरा ओरडायचंय.

गेल्या वर्षी तू बापसासाठी कुरियरने खोका पाठवलास. फवारणीचा मास्क, डोळ्यांना चष्मा, कोपरापर्यंत हातमोजे. चांगलं केलंस. मग तुला फोटो आला, बापूस ओट्यावर सगळं चढवून उभा, अंगठा वर. तू म्हणे तो ऑफिसात सगळ्यांना दाखवलास. अगो, मी तिथेच उभी होते! फोटो निघाला आणि तुझ्या आईने सगळं पुसून परत खोक्यात भरलं. खोका कपाटावर, गणपतीच्या आराशीच्या सामानाशेजारी. का, तर नवी कोरी वस्तू त्या औषधात कशाला घाण करायची! या घरात मी लग्न होऊन आले तेव्हापासून हेच बघतेय. चांगलं ते ठेवणीत, फाटकं ते वापरात. साडीचं एक वेळ ठीक आहे गो, नाकाचं काय?

तुझ्या बापसाला सांगून मी थकले. आपली आंब्याची कलमं फवारून झाली की तो दुसऱ्यांच्या बागा फवारायला जातो, म्हणजे मोसमभर त्याच वासात. तोंडाला ओला पंचा गुंडाळतो. वाऱ्याने फवारा उलटा अंगावर येतो, पंचा तो पितो आणि हा त्याच पंच्यातून श्वास घेतो. वर त्यालाच हात पुसून झाडाखाली भाकरी खायला बसतो.

“भावोजी, मास्क लावा हो.”

“वहिनी, बैलासारखं मुसकं बांधून फिरू? गडी हसतील.”

“बैलाला निदान मालक तरी बांधतो. तुम्हाला कोण बांधणार?”

“तुम्ही ना! या काठी घेऊन,” म्हणाला आणि पंप घेऊन चालता झाला.

मग मोहोरावर तुडतुड्याची कीड पडली. त्या दिवशी दुपारी तो बागेतून आला तो ओट्यावरच बसला. घामाने निथळतोय, डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ. उलटी झाली. तुझी आई म्हणे, उपाशीपोटी गेले, पित्त झालंय, कोकमाचं सरबत देते. मी म्हटलं, सरबत राहू दे, आधी रिक्षा बोलाव. रिक्षातसुद्धा तो “काही नाही, काही नाही” करत होता.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय फवारलं? दोन बाटल्या एकत्र केल्या होत्या, नावं कोणाला माहीत! वरची अक्षरं मुंगीएवढी, वाचतंय कोण. मग त्यांनी विचारलं, “मास्क नव्हता का?”

तुझी आई म्हणाली, “आहे ना, डॉक्टर. घरी आहे. अगदी नवा आहे.”

मला हसू की रडू कळेना. आणि तुला काय कळवलं? बाबांना जरा पित्त झालं होतं. पोर काळजी करेल म्हणून!

मला वाटलं, वाचला, आता तरी शहाणा होईल. कसला! अंगात जरा बळ आलं आणि परत पंचा. मी खोका काढून पंपाशेजारी ठेवते, तुझी आई उचलून परत वर चढवते. आम्हा दोघींचा हाच खेळ. संताप होतो नुसता. आंब्यावर डाग नको म्हणून व्यापारी एकेक फळ फिरवून फिरवून बघतो. फवारणाऱ्याकडे कोणी बघतं का गो तसं?

आता कलमांना पालवी आलीय. थंडी पडली की फवारणी सुरू. तेव्हा फोनवरून “बाबा, मास्क घातलात ना?” विचारू नको. तो हो म्हणेल आणि तू मानशील. तू स्वतः ये. सकाळी तो पंप उचलायच्या आधी ओट्यावर उभी राहा आणि तुझ्या हाताने मास्क त्याच्या तोंडावर बांध. लहानपणी तू त्याच्या केसांना रिबिनी बांधायचीस तेव्हा मुकाट बसायचा, आताही बसेल.

खोका मी माझ्या खाटेखाली सरकवून ठेवलाय. तुझ्या आईला हे बोलू नको. ये हो, थंडी पडायच्या आत ये.