न विचारता खुडलेलं अळू

सनीव्हेलच्या मालिनीकाकूंना चौकशीचं भारी वेड. नव्या शेजाऱ्याचा व्हिसा कोणता, सुनेच्या मैत्रिणीचं लग्न कुठं अडलं, सगळं त्यांना पहिल्या चहाआधी ठाऊक. लेक निमिष त्यांना हवाईतल्या कवाई बेटावर घेऊन गेला, तर विमानतळापासूनच सुरुवात. "हे झाड कसलं रे? रस्त्यावरच्या ह्या कोंबड्या कुणाच्या?"

मुक्काम जंगलाच्या तोंडाशी, कालेई नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या घरी. दिवसातून चारदा पाऊस, आणि घरामागच्या चिखलात अळू! सुपाएवढी पानं बघून काकूंना राहवेना. सकाळी उठून त्यांनी सहा खुडली, वड्यांसाठी. चिंच पर्समध्ये होतीच. चिंचेवाचून काकू उंबरा ओलांडत नाहीत.

वळतात तो दारात कालेई. "कुणाला विचारलंस?"

"झालं!" निमिष पुटपुटला. "आज जेवायला बोलावलं होतं तिनं. आता बुकिंगच कॅन्सल करेल, आई."

"अळूला कोण विचारतं?" काकू ठसक्यात म्हणाल्या. "आमच्याकडे न्हाणीच्या सांडपाण्यावर आपसूक येतं. जाता-येता कुणीही खुडावं."

निमिषनं भीतभीत ते इंग्रजीत सांगितलं. कालेईनं डोळे वटारले. "हा आमचा थोरला भाऊ. आधी तो जन्मला, मग माणूस, असं वाडवडील सांगत आले. तुम्ही थोरल्याला न्हाणीमागं बसवता?"

आयुष्यात कुणाला न आवरलेल्या काकूंनी हातातल्या पानांकडे पाहिलं. घरी तुळशीचं पान घेतानासुद्धा त्या हात जोडत. साऱ्या जगाची चौकशी केली, आणि ज्याला विचारायचं तोच राहिला!

चपला काढून त्या चिखलात उतरल्या. "दादा, चुकले. सहा पानं घेतलीत. रागानं घशाला तेवढी खाज आणू नका."

"काय म्हणाली?" कालेईनं विचारलं. निमिषनं सांगितलं, तशी ती खदखदून हसली. "चल आत. तुझी पानं तुझ्या हातानं कर, माझी मी नारळाच्या दुधात शिजवते."

ताटावर बसल्यावर कालेईनं वडी चाखली. "हे आंबट काय?"

"चिंच. रुसलेल्या दादाची समजूत काढायला."

सनीव्हेलला परतल्यावर काकूंनी एसीच्या नळीखालची अळूची कुंडी उचलून तुळशीशेजारी ठेवली. आता वड्यांच्या दिवशी त्या कुंडीपुढं वाकून कुजबुजतात.

"आई, कुणाशी बोलताय?" सून राधिका विचारते.

"थांब गं. अजून हो म्हणाले नाहीत."