भूषणने दार लावलं

चिंचपोकळीच्या त्या चाळीत बुद्धभूषणइतका शहाणा माणूस दुसरा नव्हता; निदान मोबाइलवर 'घरून काम कसं करावं' हा व्हिडिओ बघितल्यापासून त्याचा तरी तसा समज झाला होता. विमा कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी तो घरून फोनवर घ्यायचा. आई, सुंदराबाई, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पडलेली, म्हणून साहेबांनी ही सवलत दिलेली. पण फोनमध्ये कधी शेजारच्या कुकरची शिट्टी, कधी समोरच्या मालनमावशीचा गळा. साहेब म्हणाले, "उद्या मी स्वतः ऐकणार. आवाज आला तर ऑफिसला यायचं." मग आईला उठवायचं-बसवायचं कोणी, हे साहेबांनी विचारलं नाही.

व्हिडिओतला बाबा सांगत होता, घरातली सर्वांत शांत खोली निवडा. वा रे वा! भूषणच्या घराला खोली एकच, त्यामुळे निवड चटकन झाली. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटले, खिडकीवर आईची गोधडी चढली. आणि या दीडशहाण्याने भर सकाळी दार लावून आतून कडी घातली.

आता चाळीत दिवसाढवळ्या दार कोण लावतं? घरात भांडण असतं, नाहीतर मयत. भूषण आईशी भांडलेला कुणी ऐकला नव्हता. मालनमावशीने दोनदा हाक मारली. त्याच्या कानात हेडफोन, ओ कोण देणार? मावशीने उंबऱ्याशीच बसकण मारून हंबरडा फोडला, "सुंदरे, मला न सांगता गेलीस गं!" अख्खा मजला गोळा झाला. अंड्यांच्या ट्रेंनी त्यातलं काहीएक अडवलं नाही.

फोनवर शिव्या घालायला आलेलं गिऱ्हाईक एकदम नरमलं, "सावरा स्वतःला, मी नंतर करतो," म्हणून गेलं. साहेबांनी विचारलं, "कोण वारलं रे?" तेवढ्यात आतून सुंदराबाई कडाडल्या, "अगं मेले, जिवंत हाय मी!" साहेब हसले नाहीत. उद्या शेवटची संधी, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भूषणने हात टेकले आणि दार सताड उघडं टाकलं. जाणारा-येणारा डोकावायचा, पोरगा कामाला बसलाय बघायचा आणि चपला हातात घेऊन पुढे सरकायचा. मावशी उंबऱ्यात मेथी निवडत पहाऱ्याला बसली. शेजारणीला तिने कुकर लावू दिला नाही. स्वतःही चकार शब्द काढला नाही, हे चाळीत कोणाला सांगून पटलं नसतं.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "आज अगदी शांत होतं. घरूनच कर काम. पण केलंस काय तू?"

भूषण आनंदाने सांगायला लागला, तोच मावशीने त्याला दटावलं, "हळू बोल रे, आई झोपलीय."